छप्पन किलोंचे शेजारी

नौपाड्यात आमच्या शेजारी कचेरीतले एक कारकून राहत. इतके बुटके, की टेबलामागे बसले म्हणजे पक्षकारांना फक्त कपाळ दिसे. हेच गृहस्थ वजनं उचलायच्या स्पर्धांसाठी देशातर्फे परदेशी जात, हे पाहुण्यांना सांगितलं तर ते हसत.

त्यांच्या गटाची मर्यादा छप्पन किलो. त्यामुळे आमच्याकडचा बेसनाचा लाडू ते बशीसकट परत करत. "वहिनी, हा लाडू नव्हे, पराभव आहे," असं माझ्या बायकोला अगदी गंभीरपणे सांगत.

एकदा ते रंगूनच्या स्पर्धेहून परतले ते डोक्याचा चकोट आणि मिशी सफाचट करून. समोरच्या काकूंनी त्यांना फाटकातच पाहिलं आणि एकदम गळा काढला. गावी त्यांचे वडील आजारी होते, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. मी घाईघाईने पायांत चपला अडकवून बाहेर आलो.

"वडील गेले का रे?" काकूंनी हुंदका देत विचारलं.

"नाही हो काकू, वडील ठणठणीत आहेत. स्पर्धेच्या सकाळी माझं वजन दोन छटाक जास्त भरलं. दोन तास धावलो, तरी काटा हलेना. शेवटी न्हावी बोलावला." मग खिशातून पदक काढून ते लाजत म्हणाले, "तिसरा आलो."

काकूंनी पदकाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "असू दे रे बाळा. येतील परत केस."

"हो काकू," असं म्हणून त्यांनी पदक मुकाट्याने खिशात टाकलं.