दारातला पहारा

शस्त्रं टाकून जंगलातून परतलेल्या मुलींना मी गडचिरोलीत शिवणकाम शिकवते. दुपारी सगळ्या गोल करून डबे उघडतात. जैनी मात्र दारात उभी राहते, बाहेर नजर लावून. बाकीच्यांचं उरकलं की मगच ती जेवते. लहानपणीच तिला नक्षलवाद्यांच्या दलममध्ये नेलं होतं. तिथं जेवणाच्या वेळी पहारा तिचाच असायचा.

"बस गं, इथं कोण येणार आहे?" मी काल म्हणाले.

"तुम्ही जेवा ताई, मी बघते."

सवय आहे, सुटेल हळूहळू, असं मला वाटायचं. पण दलम सोडून आलेल्यांना दलमवाले शोधत येतात म्हणे. मग याला सवय म्हणायचं की शहाणपण?

आज जैनी आलीच नाही. डबे उघडले, पण घास कुणीच उचलेना. सगळ्या दाराकडे बघत होत्या. शेवटी मीच उठले आणि दारात जाऊन उभी राहिले.