काशीबाईंना दिसेल अशी बॅटरी

सिद्धेश्वराच्या तळ्याकडं तोंड करून सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. म्हणजे, मी जिथं हजर होतो तिथला. आणि हजर असून जागा होतो तिथला. बाकीचं भीमण्णानं सांगितलंय, आणि भीमण्णा खोटं बोलतो ते फक्त माशाच्या लांबीपुरतं.

आमच्या हिप्परग्याच्या तलावावरचे किस्से होडीतल्या पाण्यासारखे आहेत. कुठनं येतात कळत नाही, पण अधनंमधनं उपसले नाहीत तर बसायला जागा राहत नाही.

मंडळी म्हणाल तर तिघंच. भीमण्णा गिरणीत मागावर. होडी त्याची, घर तलावाच्या बांधाला लागून. जोशीमास्तर भूगोल शिकवतात. मासे खात नाहीत, नुसते धरतात आणि त्यांची माफी मागून आम्हाला देतात. तिसरा मी, गिरणीच्या हापिसात कारकून. मी काही करत नाही. मी फक्त सुचवतो.

*

आधी आमच्याकडं कंदील होता. होडीत ठेवला की कंदील लख्ख दिसायचा. तलाव दिसायचा नाही.

एकदा अंधार पडता पडता होडी कशाला तरी टेकली. समोर काळं, गुळगुळीत, पाण्याच्या जरा वर. मी म्हणलं, बेट दिसतंय. मास्तर म्हणाले, नकाशात इथं बेट नाही. मी म्हणलं, मग शोध तुमच्या नावावर लागेल की.

मास्तर धोतर सावरून गळासकट उतरले. दोन्ही पाय टेकवून म्हणाले, "जमीन ऊबदार आहे."

मग बेट उठलं.

म्हशीचं काही बिघडलं नाही. मास्तरांना भीमण्णानं शेंडीला धरून होडीत घेतलं.

हे भीमण्णाच्या बायकोला, काशीबाईंना कळलं. त्यांनी वल्हं उचललं आणि घरात माळ्यावर टाकलं. "बांधावरनं मला ह्यांचं त्वांड दिसंल असली बॅटरी आना. तवर होडी पान्यात जानार न्हाय."

भीमण्णाचा सगळा आठवडा त्या होडीच्या आशेवर जायचा. आता तो माळ्याखाली ताट घेऊन बसायचा आणि वर बघत जेवायचा.

*

बॅटरी घ्यायला आम्ही भर दुपारी बाजारात गेलो. दुकानदारानं एकेक पेटवून दाखवली, पण सोलापूरचं ऊन. पेटलीय का नाही ते काचेला डोळा लावून बघावं लागत होतं.

मी सुचवलं, शेजारच्या दुकानातनं चादर आणू आणि तिच्याखाली बघू. आम्ही तिघं आणि दुकानदार चादरीखाली शिरलो. दोन सेलची पेटवली. दुकानदाराची मिशी दिसली. पाच सेलची पेटवली, तर बाहेरनं लोक सांगायला लागले, उजेड आरपार आला.

चादरीवाले मल्लप्पा तिथंच उभे होते. त्यांना बॅटरीचं काडीचं कौतुक नव्हतं. "माझ्या चादरीतनं उजेड गेला? आजवर वारा गेला न्हाय." त्यांनी जाड चादर आणली. तिच्यातनंही जरासा उजेड आला. मग त्यांनी आतल्या कपाटातनं एक काढली, ती उचलायला दोन माणसं लागली. तिच्यातनं उजेड आला नाही. आत हवाही आली नाही.

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. मल्लप्पांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. असल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

घरी काशीबाईंनी ती चादर उलगडली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि विचारलं, "ही पेटती कुटनं?"

*

दुसऱ्या खेपेला तिन्हीसांजेला गेलो. दुकानदार शहाणा झाला होता. त्यानं आम्हाला गच्चीवर नेलं.

मास्तरांना पसरट झोत हवा होता, म्हणजे सगळा प्रदेश ध्यानात येतो. भीमण्णाला बारीक आणि लांब हवा होता. पाच सेलच्या बॅटरीचं मुंडकं फिरवलं की दोन्ही व्हायचं. लांबचं पारखायला मी रस्त्यापलीकडची एक माडी सुचवली.

माडीवर आमचे हेडक्लार्क पत्ते खेळत होते. ते तेव्हा कंबरेच्या दुखण्यानं रजेवर होते. कूससुद्धा बदलता येत नाही, असा अर्ज होता. झोत पडल्याबरोबर ते कठड्यावरनं शेजारच्या पत्र्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या आधी हापिसात हजर. मी तब्येत विचारली. त्यांनी बॅटरीला वर्गणी दिली. मी मागितली नव्हती.

*

बॅटरी आली, वल्हं माळ्यावरनं उतरलं. अट म्हणजे अट: काशीबाई बॅटरी घेऊन बांधावर, आम्ही होडीतनं तलावाच्या मधोमध. झोत पाण्यावरनं सरकत आला आणि भीमण्णाच्या तोंडावर थांबला.

भीमण्णानं ओरडून विचारलं, दिसतंय का?

"दिसतंय की," बांधावरनं उत्तर आलं. "बिडी टाका."

बिडी लग्नातच सोडल्याचं त्यानं बायकोला सांगितलं होतं. परत येताना त्यानं माझ्या कानाला लागून विचारलं, "दोन सेलची बदलून देतील का रं?"

*

त्यानंतर काशीबाई म्हणाल्या, बॅटरी बांधावरच राहील, माझ्यापाशी. म्हणजे आम्ही अंधारात, त्या उजेडात.

थोड्या वेळानं त्यांचा हात भरून आला. त्यांनी बॅटरी दगडावर ठेवली, झोत काठाच्या पाण्यावर. उजेडाला किडे आले. किड्यांना मासे आले. काशीबाईंनी जवळची पाटी पाण्यात धरली.

आम्ही रिकाम्या हातानं आलो, तर पाटी मरळ माशांनी भरलेली. मास्तर रिवाजाप्रमाणं माफी मागायला बसले, पण मासे संपेनात. काशीबाईंनी नवऱ्याला अदबीनं विचारलं, "तुमचं किती?"

पुढच्या खेपेला गेलो, तर होडी काठाला नाही. तलावाच्या मध्यावर उजेड, आणि उजेडात काशीबाई आणि त्यांची शेजारीण. काशीबाईंचं माहेर भीमेच्या काठचं. त्यांना वल्हं मारता येतं, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

भीमण्णानं घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी म्हणाला, "अगं, होडी माझी हाय!"

झोत वळला, पाण्यावरनं आला आणि त्याच्या तोंडावर थांबला.

"हाय की, कोन न्हाय म्हनतंय. पर बिनबॅटरीचं अंधारात कुटं येता? दुसरी आना, मग बसा."

तर सात सेलची बघून ठेवलीय. तुम्ही ऐकलंत, मधे दोनदा हसलात, मी मोजलंय. काढा वर्गणी. सुट्टे नाहीत म्हणू नका, बंदा रुपया चालतो.