लाकडी पारव्यांची बैठक

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी लाकडाच्या पारव्यांना हळदीकुंकवाला बसवलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. शेतात पेरलेला हरभरा पारवे खाऊन जात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रंगवलेले लाकडी पारवे मांडून खऱ्यांना खाली उतरवत आणि बंदुकीने पाडत. मलाही ते शिकायचं होतं, पण घरात कुणालाच पसंत नव्हतं.

“एक सकाळ देतो,” मामंजी म्हणाले. “पारवे उतरले तर पुढचं शिकवीन.”

मी मोठी शहाणी! बाराच्या बारा पारवे गोल मांडले, सगळ्यांची तोंडं आत. मग बंदूक घेऊन दवाने ओल्या तुरीआड नव्या साडीत बसून राहिले. थवे आले, वरच्या वर घिरट्या घालून निघून गेले.

आज समोरच्या टाकीवर पारवे बसलेत, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. उडायचं तर वारा समोरून हवा, एवढी साधी गोष्ट. माणसं मात्र जमली की वाऱ्याकडे पाठ करून एकमेकांची तोंडं बघतात. मी तर वारा कुठला, आधी कोण कोण आलंय ते बघणारी.

त्या दिवशी रडवेली होऊन मी बंदूक परत द्यायला गेले. मामंजींनी ती घेतलीच नाही. माझ्याबरोबर शेतात येऊन, वाकून एकेक पारवा वाऱ्याकडे वळवला आणि म्हणाले, “सूनबाई, यांच्या गप्पा इतक्या रंगल्या होत्या की नव्याला मध्ये शिरायचा धीरच झाला नाही. उद्या पुन्हा मांड. घरात काय सांगायचं ते मी बघतो.”