मोंढ्याजवळची परमिट रूम

लातूर जिल्हा झाला आणि लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. मोंढ्यात आमची भुसार मालाची अडत होती. माल येईना, तेव्हा हे दिवसभर गादीवर बसून माश्या मारीत. पण कलेक्टर कचेरी आली होती. तिच्यामागे साहेब आले, कारकून आले, सरकारी कामं घेणारे गुत्तेदार आले. एका दुपारी घरी येऊन हे म्हणाले, "अडत मोडून परमिट रूम काढावी म्हणतो. पिकलं न पिकलं, पिणारा पितोच."

माझे सासरे आत पूजेला बसले होते. आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी चहासुद्धा घेत नाही. पूजा आटोपून मामंजी बाहेर आले.

"काढ तू. म्या चाकूरला जातो."

"अप्पा, असं का करायलात?" हे म्हणाले.

मामंजींनी धोतरांच्या घड्या घातल्या आणि चाकूरच्या शेतावर एकटेच राहायला गेले. ह्यांना वाटलं, चार दिवसांत राग निवळेल.

अडतीच्याच जागेत काम सुरू झालं. सुताराने जागेवरच लांबलचक काउंटर बांधला, त्याला लाल सनमायका लावला, मागे आरसा बसवला. काचेचे ग्लास ह्यांनी हैदराबादहून गवतात गुंडाळून आणले. पेग मोजायचं माप मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. हे खाली परात ठेवून रिकाम्या बाटलीत पाणी भरून ओतायचा सराव करत, आणि परातीतलं पाणी पुन्हा बाटलीत भरत. एवढ्या हौसेने काही करताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग मागच्या अंगणात बोअर घ्यायचं ठरलं. बोअरची गाडी तमिळ मुलखातली, त्या लोकांशी सगळं खुणेनं बोलायचं. दिवसभर जमीन हादरत होती आणि भोकातून नुसता पांढरा फुफाटा निघत होता. तो आरशावर, खुर्च्यांवर, काउंटरवर बोटभर साचला. संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाने हात हलवून 'नाही' केलं आणि पाइप काढायला घेतले. दुसऱ्या दिवशी तो सगळा फुफाटा मी कोरड्या फडक्याने पुसला. भिजवायला पाणी नव्हतं.

ह्यांनी खाजगी टँकर लावला, सिमेंटची टाकी भरून घेतली. गल्लीचे नळ तर केव्हाच बंद पडले होते. मीही घरच्या पाण्यासाठी हापशावर रांगेत उभी राहायची. एके सकाळी पुढच्या म्हातारीने माझी घागर पायाने बाजूला सारली.

"तुला गं कशाला पाणी? तुझा नवरा टाकी भरून बसलाय की."

कुणी तिला अडवलं नाही. मी रिकामी घागर घेऊन घरी आले.

"अहो, टाकीतलं थोडं गल्लीला देऊ. घरटी एक घागर तरी."

"अन् ग्लास कशानं धुऊ?" हे म्हणाले. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टाकीतलं पाणी झिरपून तळाला गेलं होतं. नवं सिमेंट, कुठे तरी चीर होती. चीर बुजवून टँकर पुन्हा सांगितला. उद्घाटनाच्या सकाळी तो कोपऱ्यावर आला आणि बाया रस्त्यात बसल्या. "लेकरांला प्यायला न्हाई, अन् ह्यो दारूत घालणार!" ड्रायव्हरने मुकाट्याने कॉक सोडला. गल्लीतली भांडी भरली. हे इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. ओरडले नाहीत, पुढेही गेले नाहीत.

संध्याकाळी गिऱ्हाईक मात्र भरपूर आलं. सोडा संपला, बर्फ संपला. ग्लास नुसते पुसून पुन्हा ठेवू लागले. एका साहेबाने ग्लास उजेडात धरला, त्यावरचे दुसऱ्याच्या ओठांचे ठसे पाहिले आणि तो उपडा ठेवून उठला. त्याच्याबरोबरचे सगळे उठले. नांदेड रोडवर दुसरा बार होता, त्याला स्वतःची विहीर होती. गिऱ्हाईक तिकडे वळलं ते वळलंच.

काही महिने हे रोज शटर उघडून बसत. मग खुर्च्या अर्धापूरच्या एका खानावळीला दिल्या. काउंटर दारातून बाहेर निघेना, म्हणून मधोमध कापावा लागला. कापलेला काउंटर कुणी घेतला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस पडला, चांगला पडला. मोंढा पुन्हा मालाने भरला, पण आमची जागा तोवर दुसऱ्या अडत्याकडे गेली होती. हे नांदेड रोडच्या त्याच बारमध्ये काउंटरवर कामाला लागले. माप हातात बसलेलंच होतं.

मी मामंजींना आणायला चाकूरला गेले. "आपलं बंद झालं आता. चला घरी."

"दुकान बंद झालं गं पोरी," ते म्हणाले. "त्याचं तिकडं जाणं कुठं बंद झालंय?"

ते आले नाहीत. शेतावरच वारले. निरोप आला तेव्हा हे कामावर होते. मालकाला विचारून, हात धुऊन आले. त्या बारची नोकरी त्यांनी गुडघे जाईपर्यंत केली.