रिकामी आवर्तनं

ओसाकाला संशोधनासाठी आल्यावर माझं पेटी वाजवणं सुटलंच होतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांना संगीतात रस नव्हता आणि शेजाऱ्यांना माझ्यात. मग घराजवळच्या एका बारच्या दारावर चिठ्ठी दिसली: रविवारी दुपारी कीबोर्डवर साथ करणारं कुणीतरी हवं आहे.

वाजवणारे एकटेच होते, ऐंशीला टेकलेले एक आयरिश आजोबा, हातात ट्रम्पेट. तरुणपणी सात जणांचा बँड घेऊन ते इथे आले होते. त्यांच्या देशात तेव्हा असे बँड गावोगावच्या नाचाच्या हॉलांतून वाजवत फिरायचे. सगळ्यांचे सूट सारखे, पावलंही सारखीच पडायची. इथे आधी हॉटेलातला डान्स हॉल, मग लग्नं, मग उन्हाळ्यात मोठ्या दुकानांच्या गच्चीवरची बिअर गार्डन्स, असं करत करत बँड उतरणीला लागला. माणसंही एकेक करून इथेच गेली. मायदेशी कुणीच परतलं नाही.

पहिल्याच रविवारी आजोबा गाण्याच्या ऐन मध्यात थांबले. ट्रम्पेट खाली, पायाने ठेका मात्र चालू. आमच्याकडे गायक थांबला की पेटीवाल्याने पोकळी भरून काढायची असते, ते माझ्या हाडीमाशी खिळलेलं. मी हौसेने भरली, वर दोन हरकतीही घेतल्या. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की बोटं जागच्या जागी थांबली.

नंतर त्यांनी शांतपणे सांगितलं, की ती आवर्तनं सॅक्सोफोनवाल्याची होती. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रत्येक गाण्यात प्रत्येकाचा आपला असा तुकडा असायचा, आणि गेलेल्यांचे तुकडे आजोबा मोकळे सोडत. म्हातारा जरा सरकलाय, असं मला वाटलं. पण काही रविवार गेले आणि त्या शांततेत माझी मान आपोआप उजवीकडे, सॅक्सोफोनवाल्याच्या रिकाम्या जागेकडे वळायला लागली. एकदा तर मी चक्क बोलून गेले, की आज सॅक्सोफोन छान लागला होता. आजोबांनी नुसती मान हलवली.

या हिवाळ्यात त्यांचा दम पुरेनासा झाला. ट्रम्पेट पुसता पुसता एकदा ते म्हणाले, "त्यांची जागा मी राखली. माझी कोण राखणार, याची धास्ती वाटते."

"मी राखीन," मी म्हणाले. बोलायला काय, सोपं होतं.

ते गेले, त्यानंतरच्या रविवारी मी एकटीच वाजवायला बसले. सातही जणांचे तुकडे मोकळे सोडल्यावर वाजवायला फार थोडं उरलं. शेवटी ट्रम्पेटची आवर्तनं आली. मी हात उचलले, पायाने ठेका धरला. आवर्तनं भरली, तरी हात खाली येईनात. मला रडू येत होतं. गाणं संपलं समजून दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

काउंटरमागे पेले पुसणाऱ्या मालकीणबाई गाण्याबद्दल आजवर कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. त्या गिऱ्हाइकांना हळूच म्हणाल्या, "थांबा. त्यांचं व्हायचंय अजून."

मी पायाने ठेका देत राहिले.