फिर्यादीची खुर्ची

फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. "मामा, आप्पा गेले," एवढंच भाचा म्हणाला. माझे दाजी, निवृत्त हवालदार, सकाळी चहा पिता पिता गेले. दौंडला पोचेपर्यंत जीपमध्ये मी रडलो नाही. डोक्यात एकच होतं, की आता तालुक्याचा पुढारी असलेला तो माणूस दहाव्याला येणार आणि माईक हातात घेणार. त्याचं नाव इथं लिहीत नाही. भीतीपोटी नव्हे, दाजींच्या नावाशेजारी ते छापून यायला नको म्हणून.

दाजी ठाण्यात बसून लोकांच्या फिर्यादी लिहून घ्यायचे. टेबलासमोर त्यांची एक पत्र्याची खुर्ची असायची. आलेल्या माणसानं आधी तिच्यात बसायचं, पाणी प्यायचं, मगच दाजींचं पेन उघडायचं. सरपंच असो की मेंढरं राखणारा, खुर्ची तीच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हिराबाई नावाची भाजीवाली विरोधी पॅनेलची एजंट म्हणून मतदान केंद्रात बसली, म्हणून त्या माणसाच्या पुतण्यानं तिला भर चौकात काठीनं मारलं. ती रक्ताळलेल्या पदरानं त्या खुर्चीत येऊन बसली. दाजी लिहीत असतानाच खुद्द त्या माणसाचा फोन आला, की किरकोळ भांडण म्हणून मिटवा. दाजी म्हणाले, "साहेब, बाईंचं डोकं फुटलंय. जे हाय ते लिवतोय." गुन्हा दाखल झाला. पंधरा दिवसांत दाजींची बदली झाली, पाठोपाठ खात्याची चौकशी लागली... फौजदार व्हायचं राहिलं ते कायमचंच.

मग विरोधी पॅनेलवाले शाल-नारळ घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांत मीच पुढं होतो, हे कबूल करतो. दाजींनी शालीला हात लावला नाही. "मास्तर, फिर्याद बाईची हाय, तुमच्या पॅनेलची न्हाई. आन् मतदानाच्या दिवशी केंद्राला खेटून बॅनर लावला हुता ना तुम्ही? त्यो गुन्हा तवाच लिवलाय तुमच्या नावावर." सख्ख्या मेहुण्यावर! दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. पोलिसानं कुणाच्याच बाजूचं नसावं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आणि स्वतःवर आल्यावर रुसून बसलो. आज त्याची लाज वाटते.

दहावा भीमेच्या घाटावर झाला. आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि नावं पुकारायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. तो आलाच. पहिल्या रांगेत बसला. त्याच्या कार्यकर्त्यानं 'साहेब बोलतील' अशी चिठ्ठी माझ्या हातात सरकवली. मी ती वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली. एकेक नाव पुकारत गेलो. तो दोनदा खाकरला, गळ्यातलं उपरणं नीट केलं. शेवटचं नाव मी हिराबाईचं घेतलं. ती माईकसमोर कशीबशी उभी राहिली. "माझं डोकं फुटलं हुतं, तवा ह्या मानसानं मला आदी बसवलं, मंग पानी दिलं, मंग लिवलं. मी सांगितलं तेच लिवलं." मी लगेच कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलेलं पाहून मला जे सुख झालं, ते लपवत नाही. दाजींच्या पिंडासमोर उभं राहून झालं, तरी लपवत नाही.

आठवड्यानं तो सांत्वनाला म्हणून घरी आला, फोटोवाल्याला घेऊन. ती खुर्ची खात्यानं भंगारात काढली तेव्हा दाजींनी रीतसर पावती करून घरी आणली होती. ती ओसरीवरच असते. माझी बहीण जागची उठली नाही. खुर्चीकडे हात करून म्हणाली, "बसा साहेब. आदी पानी प्या, मंग सांगा काय फिर्याद हाय तुमची." तो उभाच राहिला... आणि उभ्याउभ्याच गेला.

माझं त्यानंही पोट भरलं नाही. "अक्का, आता उचल ती खुर्ची," मी म्हणालो, "पुन्हा आला तर जमिनीवर बसव त्याला."

अक्कानं पदरानं खुर्ची पुसली आणि तिचं तोंड पुन्हा दाराकडे केलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उद्या त्यालाच कुनी मारलं, तर त्यो बसल कुठं?"