हवालदारसाहेबांची मूळ प्रत

आमच्या दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी होती. हवालदारसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी ती नीट वाचली, पायरीवर बसले, उजव्या पायातला बूट काढला आणि डावा पाय गुडघ्याखालून बुटासकट सोडवून चपलांच्या रांगेत उभा केला. मग भिंतीला हात लावत, एका पायावर उड्या मारत आत येऊन खुर्चीवर बसले. चहा घेऊन आलेले माझे यजमान दारातच थबकले. मी म्हटलं, अहो, कशाला काढलात? ते म्हणाले, “डावा बूट पायाला पक्का बसवलाय, ताई. निघायचा तर दोन्ही निघतात.”

यजमान सरकारी शाळेत शिक्षक म्हणून चिपळूणहून सिल्वासाला आले आणि मी आमलीतल्या घराच्या पुढच्या खोलीत विम्याची एजन्सी सुरू केली. हवालदारसाहेब चाळीसगावकडचे. सीमेवर सुरुंगाने पाय नेला. निवृत्तीनंतर ते गलोंड्याच्या एका सूत कारखान्यात सुरक्षारक्षकांचे प्रमुख झाले होते. ‘हवालदार’ ऐकून लोक त्यांना पोलीस समजत आणि मोटारसायकल चोरीला गेली की त्यांच्याकडे येत. आपण फौजेतले, हे समजावण्यापेक्षा मोटारसायकल शोधणं सोपं, असं ते म्हणत. दोन तर त्यांनी खरोखर शोधून दिल्या.

त्यांना आयुर्विमा हवा होता. फौजेचा सामूहिक विमा निवृत्तीनंतरही काही वर्षं चालू राहतो, तो त्यांना होताच. पण कारखान्यात आलेल्या एका विमावाल्याने त्यांच्याच रक्षकांसमोर सांगितलं होतं, की अपंगांचा विमा निघत नाही. ते त्यांना लागलं होतं. शिवाय त्यांच्या पत्नी, मंगलावहिनी, त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि मुलगी अजून शाळेत. मी त्यांना सांगितलं, की निघतो. फक्त मुदतीपुरता विमा घ्यायचा की बचतीचा, ते आपण बघू. कंपनी हप्ता थोडा वाढवेल, काही अटी घालेल, पण निघतो.

फॉर्म त्यांनी स्वतः भरला, फौजी अहवालाच्या भाषेत. अपंगत्वाचं कारण: ‘पाऊल चुकीच्या जागी पडले.’ सुधारणेची शक्यता: ‘डॉक्टरांच्या मते नाही. तरी लक्ष ठेवून आहे.’ मी म्हटलं, दुसरं वाक्य खोडा. ते म्हणाले, खोटं काही लिहिलेलं नाही.

कंपनीच्या डॉक्टरांना वजन पायासकट घ्यावं की पायाविना, हे ठरेना. म्हणून त्यांनी दोन्ही लिहिली. महिन्याभराने पत्र आलं: अर्जदाराची दोन वजनं आढळतात, खुलासा करावा. खुलासा केला. मग दोन्ही पायांचे फोटो मागवले. हवालदारसाहेबांनी बूट चमकवून दोन्ही पायांचे स्वतंत्र फोटो काढून पाठवले. उत्तर आलं, की डाव्या पायाबाबत मूळ प्रत सादर करावी. त्यांनी तो फोटो यजमानांच्या प्राचार्यांकडून साक्षांकित करून घेतला. प्राचार्यांनी पायावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारला. सोबतच्या पत्रात हवालदारसाहेबांनी लिहिलं: ‘मूळ प्रत सीमेवर आहे. सत्यप्रत जोडली आहे.’

त्यानंतर चार महिने काहीच आलं नाही. मी अथालला त्यांच्या घरी गेले. वहिनी म्हणाल्या, हल्ली ड्युटीवरून येतात आणि ट्रंक उघडून बसतात. हवालदारसाहेबांनी ट्रंकेतून एक पिवळा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. भरतीच्या वेळचा तो वैद्यकीय दाखला होता.

“दात, छाती, डोळे, सगळं तपासून फौजेने मला मरायला लायक ठरवलं होतं, ताई,” ते म्हणाले. “आता विमावाले म्हणतात, तेवढाही लायक नाही.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं विभागीय कार्यालयात गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. ते माझ्या आधी वर पोहोचले. कारकुनाने बराच शोध घेऊन फाइल काढली, ती मृत्यूदाव्यांच्या कपाटातून. डॉक्टरांच्या अहवालातला सुरुंगाचा उल्लेख पाहून कुणीतरी ती तिकडे पाठवली होती. कारकून फाइल चाळत मला म्हणाला, “बेन, मरणनो दाखलो क्यां छे? एना वगर अटक्युं छे.”

हवालदारसाहेब एक पाऊल पुढे आले. “उसमें थोडा टाइम लगेगा, साहेब,” ते म्हणाले. “मैं ही हूं.”

कारकुनाने फाइलमधला फोटो पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून आपली खुर्ची त्यांना दिली. वरच्या साहेबांनी फाइल स्वतःकडे घेतली आणि पंधरा दिवसांत पॉलिसी आली. अपघात-लाभाखाली एक अट होती: डाव्या पायास इजा झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. हवालदारसाहेबांनी ती दोनदा वाचली आणि रास्त आहे म्हणाले.

पुढे ते एकेक माजी सैनिक घेऊन येऊ लागले. एकाला डावा हात नव्हता, एकाला तोफांमुळे ऐकू येत नव्हतं. त्याला विम्याचे प्रकार हवालदारसाहेब अशा आवाजात समजावत, की समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकही मुदतीचा विमा कोणता आणि बचतीचा कोणता हे शिकलं. फॉर्ममध्ये काय लपवायचं नाही आणि काय उगाच सांगायचं नाही, हे मला त्या एका वर्षात कळलं. आजही या भागातले जायबंदी फौजी विम्यासाठी माझ्याकडेच येतात.

तीन वर्षांपूर्वी, सकाळची पाळी बदलत असताना, हवालदारसाहेब कारखान्याच्या गेटवर हृदयविकाराने गेले. हजेरी घेत होते. शेवटचं नाव पुकारून मगच खाली बसले, असं रक्षक सांगतात.

तेराव्यानंतर मी दाव्याचा फॉर्म घेऊन अथालला गेले. वहिनी सांगत होत्या, मी लिहीत होते. मृत्यूपूर्वी विमाधारकाची शारीरिक स्थिती कशी होती, असा एक रकाना होता. मी पेन थांबवलं. अपंगत्वाची नोंद आधीच्या कागदांत होतीच. पुन्हा लिहावी का, याचा विचार करत होते.

वहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, “लिही ना. धडधाकट होते.”

मी तसंच लिहिलं. दाव्याची रक्कम आली; त्यावर कंपनीचं एकही पत्र आलं नाही.